घट्ट केलं तरी फिक्सीचं हँडल फिरतं? नेमकं काय सुटतंय ते आधी शोधा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. “हँडल घट्ट करून आणलं, चार दिवस बरं चाललं, आता परत खाली झुकलंय.” नाहीतर, “ब्रेक लिव्हर कालपर्यंत ठीक होता, आज दाबला की मुठीला टेकतोय.” फिक्सी, म्हणजे फ्रीव्हील नसलेली फिक्स्ड गिअर सायकल, चालवणारे जे जे माझ्या ओळखीचे आहेत त्यांच्यातला क्वचितच कोणी यातून सुटलाय. मी पुण्यात नऊ वर्षं फिक्सी चालवतोय आणि रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ओळखीतल्यांच्या सायकली उघडून बसतो. एवढ्या सायकली हाताखालून गेल्यावर एक गोष्ट मला पक्की पटली आहे: एकदा आवळलेला बोल्ट पुन्हा सुटला, तर तो तिसऱ्यांदा आवळण्याआधी तो ज्या दोन भागांना पकडतो त्यांची मापं घ्यावीत. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

हे फिक्सीलाच जास्त का होतं, ते आधी सांगतो. साध्या सायकलीवर हँडलला काम थोडं असतं. दिशा द्यायची, अंगाचा थोडा भार घ्यायचा. फिक्सीचं मागचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. वेग कमी करायचा तर पाय उलटे रोखावे लागतात, आणि पाय रोखले की हात आपोआप हँडल वर खेचतात. चढावर गिअर बदलायची सोय नाही, म्हणून सीटवरून उठून हँडल डावीकडे-उजवीकडे ओढत चढायचं. सिग्नलला पाय न टेकवता तोल सांभाळत उभं राहायचं, तेव्हाही हँडलवर सतत लहान लहान झटके. या सगळ्या ओढाताणीत हँडल स्टेमच्या, म्हणजे हँडलला मधोमध धरून फ्रेमच्या पुढच्या भागाशी जोडणाऱ्या तुकड्याच्या, आत फिरू बघतं. त्यात आपल्याकडच्या बऱ्याचशा फिक्सी जोडून बनवलेल्या असतात. फ्रेम एका जुन्या रेसर सायकलची, हँडल ऑनलाइन मागवलेलं, लिव्हर घरात पडलेल्या एखाद्या गिअरच्या सायकलचा. कारखान्यातून निघालेल्या सायकलीत मापं कोणीतरी जुळवलेली असतात; जोडलेल्या सायकलीत ती जबाबदारी आपली.

आणि ही जबाबदारी गंभीर आहे. फिक्सीला बहुधा एकच ब्रेक असतो, पुढचा. चेन उतरली किंवा पाय पायडलच्या पट्ट्यातून निसटला, तर त्या क्षणी तुमच्या हातात तो एक लिव्हर उरतो. ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांनुसार फिक्स्ड चाकाच्या सायकललाही पुढचा ब्रेक लागतोच. बिनब्रेकच्या ट्रॅक सायकली असतात, पण त्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या गोल ट्रॅकवर, जिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि समोरून रिक्षा येत नाही. कात्रजच्या उतारावर किंवा बोपदेव घाटात नुसत्या पायांनी सायकल रोखण्याचा विचारही करू नका. आपल्याकडे उजवा लिव्हर म्हणजे पुढचा ब्रेक ही सवय मोटारसायकलपासून हाताला असते, म्हणून एकच लिव्हर लावणार असाल तर तो उजवीकडेच लावा. घाबरल्यावर हात सवयीप्रमाणे वागतो.

आधी रेघ मारा

“हँडल फिरतंय” असं वाटलं तरी प्रत्यक्षात तीन जागांपैकी कुठलीही जागा सरकत असू शकते: हँडल स्टेममध्ये फिरतंय, लिव्हर हँडलवर फिरतोय, किंवा स्टेम फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) नळीवर वळतोय. सायकल चालवताना या तिन्हींत हाताला जवळपास सारखंच जाणवतं. म्हणून कुठलाही पाना हातात घेण्याआधी मी नेलपॉलिशची बाटली घेतो. गडद लाल. तिन्ही जागी एकेक बारीक रेघ मारायची, अर्धी एका भागावर, अर्धी दुसऱ्यावर. वाळू द्यायची आणि आठवडाभर सायकल नेहमीसारखी चालवायची.

नेलपॉलिशच का, तर ते वाळल्यावर ठिसूळ होतं. मार्करची रेघ थोडी सरकली तर डोळ्याला कळत नाही, पण नेलपॉलिशचा थर केसाएवढ्या हालचालीनेही मधोमध तडकतो. भिंगातून पाहिलं तर तडा अगदी स्वच्छ दिसतो. जिथे तडा, तिथे दोष. बाकीच्या दोन जागांना मग हात लावायचा नाही. “एकदा उघडलंच आहे तर सगळंच आवळून टाकू” ही इच्छा आवरा. त्याने पुढच्या वेळी काय सुटलं ते कळायची वाटच बंद होते.

माझ्या भाच्याच्या सायकलवर ही रेघ कामाला आली. त्याने जुन्या बाजारातून एक जुनी पोलादी रेसर फ्रेम आणली, हौसेने रंगवून घेतली आणि तिची फिक्सी केली. सपाट हँडल, एक लिव्हर, पुढचा कॅलिपर ब्रेक, म्हणजे चाकाला वरून चिमट्यासारखा धरणारा. दर दहा-बारा दिवसांनी त्याचा फोन यायचा, “मामा, परत गेलं.” तीन वेळा त्याने दुकानातून घट्ट करून आणलं होतं. तिसऱ्या वेळी तिथल्या काकांनी थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून आत घातला आणि सांगितलं, “आता हलणार नाही बघ.” तेही दोन आठवड्यांत हललं. रेघ मारली, तडा हँडल आणि स्टेमच्या मध्ये.

स्टेम उघडला तेव्हा पत्र्याची पट्टी चुरगळून एका बाजूला गोळा झाली होती आणि हँडलच्या मध्यावर गोल गोल चकचकीत ओरखडे पडले होते. पण माझी नजर आधीच दुसरीकडे गेली होती. बोल्ट पूर्ण आवळलेला असताना स्टेमच्या दोन पाकळ्या, ज्या बोल्टने जवळ ओढल्या जातात त्या, एकमेकींना टेकल्या होत्या. मधे कागदसुद्धा जात नव्हता. ही खूण लक्षात ठेवा. पाकळ्या टेकल्यावर तुम्ही कितीही जोर लावा, तो सगळा जोर पाकळी पाकळीवर दाबण्यात जातो. हँडलपर्यंत काहीच पोचत नाही. त्यापुढे आवळलं की बोल्टचे आटे जातात, एवढंच. पाकळ्या टेकल्या याचा अर्थ हँडल त्या स्टेमसाठी बारीक आहे.

मापांचा घोळ

हँडलला दोन मापं असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांसाठी महत्त्वाची. एक मधल्या जाड भागाचं, जो स्टेममध्ये बसतो. दुसरं मुठीच्या भागाचं, जिथे लिव्हर आणि ग्रिप येते.

मधल्या भागाची नेहमी भेटणारी मापं तीन: २५.४ मिमी, २६.० मिमी आणि ३१.८ मिमी. २५.४ जुन्या सपाट हँडलांवर, जुन्या डोंगरी सायकलींवर आणि पोलादी ट्रॅक हँडलांवर सापडतं. २६.० हे जुन्या रेसर हँडलांचं माप. ३१.८ आजकालच्या सायकलींचं. ३१.८ चुकून दुसऱ्या स्टेममध्ये जाणार नाही, डोळ्यालाच फरक दिसतो. खरा घात २५.४ आणि २६.० या जोडीत आहे. फरक फक्त ०.६ मिमीचा. २५.४ चं हँडल २६ च्या स्टेममध्ये सहज जातं, घट्ट झाल्यासारखंही वाटतं, आणि पार्किंगमध्ये जोर लावून पाहिलं तर हलत नाही. रस्त्यावर हलतं. भाच्याच्या सायकलवर नेमकं हेच होतं: रेसर फ्रेमसोबत आलेला २६ चा स्टेम आणि त्यात २५.४ चं सपाट हँडल.

पत्र्याचा उपाय का फसला, तोही हिशोब करून पाहिला. ०.६ मिमीचा फरक म्हणजे दोन्ही बाजूंना ०.३ मिमी. डब्याच्या पत्र्याची जाडी साधारण ०.१ मिमी. म्हणजे एक वळसा पुरत नाही, तीन लागतात, आणि गुळगुळीत पत्र्याचे तीन थर एकावर एक घातले की ते एकमेकांवरच घसरतात. पावसाचं पाणी आत गेलं की आणखी. घरी पोचण्यापुरता उपाय म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही, पण एकच ब्रेक असलेल्या सायकलवर तो कायमचा ठेवू नये. २५.४ चं हँडल ३१.८ च्या स्टेममध्ये बसवायचं असेल तर त्यासाठी अॅल्युमिनियमचं तयार जाड कडं मिळतं, ३.२ मिमी भिंतीचं. ते चांगलं काम करतं. २५.४ आणि २६ च्या मधल्या तफावतीवर मात्र माझं मत ठाम आहे: दोघांपैकी एक बदला.

जाडी मोजायचा व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी पुरते. हँडलभोवती घट्ट गुंडाळा, जिथे टोक चढतं तिथे टोकदार पेन्सिलीने खूण करा, सरळ करून पट्टीने मोजा. २५.४ ला साधारण ७९.८ मिमी भरेल, २६.० ला ८१.७, ३१.८ ला ९९.९. पहिल्या दोघांत जवळजवळ दोन मिमीचा फरक येतो, तो शाळेतल्या पट्टीवरही दिसतो. मुठीच्या भागासाठी २२.२ चे ६९.७ मिमी आणि २३.८ चे ७४.८ मिमी. कागद पातळ घ्या आणि तीनदा मोजा. स्टेमचं माप मात्र असं घेता येत नाही. ते बहुधा क्लॅम्पच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या पकडीच्या, आत किंवा खालच्या बाजूला कोरलेलं असतं.

मापं जुळत असूनही हँडल फिरत असेल, तर आधी क्लॅम्पच्या आत बोट फिरवून पाहा. बोटाला चिकट लागलं तर कोणीतरी तिथे ग्रीस लावलंय. ग्रीस बोल्टच्या आट्यांना लावायचं असतं, पकडीच्या जागी कधीच नाही. स्पिरिटने दोन्ही पृष्ठभाग पुसा, पूर्ण वाळू द्या. कार्बनच्या भागांसाठी बारीक कणांची पेस्ट मिळते, ती अॅल्युमिनियमच्या हँडलवरही चालते आणि पकड चांगली वाढवते. चार बोल्टच्या स्टेममध्ये वरची आणि खालची फट सारखी हवी. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नका. तिरक्या जोडीने, थोडं थोडं.

किती घट्ट करायचं, हा प्रश्न सगळ्यांना छळतो. स्टेमवर आकडा छापलेला असतो, बऱ्याच चार बोल्टच्या स्टेमवर तो ५ न्यूटन-मीटर असतो. टॉर्कचा, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा, पाना सगळ्यांकडे नसतो. पण प्रवासाला निघताना बॅग मोजायचा हुकवाला काटा आज अनेक घरांत आहे. ॲलन कीच्या (षटकोनी टोकाच्या पान्याच्या) लांब दांड्यावर बोल्टच्या मध्यापासून १० सेंमीवर खूण करा, तिथे काट्याचा हुक अडकवा आणि दांड्याला काटकोनात ओढा. काटा ५ किलो दाखवेल तेव्हा बोल्टवर साधारण ५ न्यूटन-मीटर पडलेला असतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं, कारण मी तोवर त्याच्या दीडपट तरी जोर लावत होतो. दोन-चारदा काट्याने केलं की मनगटाला अंदाज बसतो.

आणखी एक. जे हँडल वारंवार फिरलंय, त्याच्या मधल्या भागावरचे ओरखडे नखाने तपासा. नख अडकत असेल, किंवा क्लॅम्पच्या कडेला केसासारखी रेघ दिसत असेल, तर ते हँडल टाकून द्या. अॅल्युमिनियम वाकून इशारा देत नाही, तडकतं आणि तुटतं. इथे पैसे वाचवू नका.

लिव्हर का सरकतो, आणि ब्रेक का लागत नाही

मुठीच्या भागाचीही तीच गंमत. सपाट आणि वर उचललेल्या हँडलांचा मुठीचा भाग २२.२ मिमी. अॅल्युमिनियमची ड्रॉप (खाली वळलेली) हँडलं आणि बैलाच्या शिंगांसारखं पुढे आलेलं बुलहॉर्न २३.८ मिमी. जुनी पोलादी ड्रॉप हँडलं मात्र बरेचदा २२.२ च असतात. त्यामुळे डोंगरी सायकलचा लिव्हर बुलहॉर्नवर चढतच नाही आणि लोक पेचकसाने त्याचा क्लॅम्प फाकवून तो चढवतात. फाकवलेला क्लॅम्प फक्त दोन टोकांवर टेकतो, मधे पोकळ राहतो. असा लिव्हर घट्ट लागेल, आणि एखाद्या खड्ड्यात हात जोराने दाबला गेला की गर्रकन खाली जाईल. उलट, रेसरचा लिव्हर २२.२ च्या हँडलवर लावला तर पट्टा शेवटपर्यंत आवळूनही ढिला राहतो.

स्टेमजवळ बसणारे आडवे छोटे लिव्हर फिक्सीवर आवडीने लावले जातात. ते घेताना बघा की क्लॅम्प हँडलच्या नेमक्या कुठल्या भागावर येतोय. ३१.८ चं हँडल मध्यापासून बाहेर जाताना निमुळतं होत जातं. त्या निमुळत्या भागावर क्लॅम्प आला तर एक कड टेकते, दुसरी हवेत. तो कधीच धरणार नाही, कितीही वेळा आवळा. एकतर पूर्ण जाड भागावर बसणारं माप घ्या, नाहीतर निमुळता भाग संपल्यानंतरच्या सरळ भागासाठीचं. ट्रॅकच्या ड्रॉप हँडलवर अशी सरळ जागा फार कमी असते, ते मध्यापासूनच खाली वळायला लागतं. वेलोड्रोमवर खाली वाकून धरण्यासाठी ते घडवलेलं आहे. दिसायला फार देखणं, पण शहरात चालवण्यासाठी मी ते सुचवत नाही. लिव्हरला आणि मनगटाला, दोघांनाही त्यावर नीट जागा मिळत नाही.

लिव्हरचा कोन ठरवताना सायकलवर बसा. कोणाला तरी सायकल धरायला सांगा किंवा भिंतीला टेका. डोळे मिटून हात हँडलवर नेहमीसारखे ठेवा, बोटं सरळ करा. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत एक सरळ रेघ यायला हवी आणि बोटं लिव्हरवर टेकायला हवीत. लिव्हर फार वर असेल तर मनगट मागे मोडतं, तासाभरात तळव्याला मुंग्या येतात. फार खाली असेल तर उठून चढ चढताना बोट पोचत नाही. आडवी जागा ठरवताना पहिली दोन बोटं लिव्हरच्या टोकाजवळ येतील इतका तो आत सरकवा. टोकाला धरलं की कमी ताकदीत जास्त ब्रेक लागतो. बोटं आखूड असतील तर बहुतेक लिव्हरला एक छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. माझ्या बायकोच्या सायकलवर त्या स्क्रूचे चार आटे फिरवले आणि तिची वर्षभराची तक्रार संपली.

आता तो प्रश्न, जो हँडलचा वाटतो पण असतो लिव्हरचा. लिव्हर दोन जातींचे असतात. रेसरचे लिव्हर केबल कमी ओढतात, कॅलिपर ब्रेकसाठी. व्ही-ब्रेकचे, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना उभे हात असलेल्या ब्रेकचे, लिव्हर जास्त ओढतात. दोघांची अदलाबदल केली तर लक्षणं अगदी ठरलेली. व्ही-ब्रेकचा लिव्हर कॅलिपरवर लावला तर हाताला लाकडासारखा कडक लागतो, वाटतं ब्रेक फार चांगला आहे, पण सायकल थांबत नाही. रेसरचा लिव्हर व्ही-ब्रेकवर लावला तर मऊ लागतो आणि रबर रिमला नीट दाबायच्या आत हँडलला टेकतो. भाच्याकडे पहिला प्रकार होता. ब्रेक कमजोर म्हणून तो पायांनी जास्त रोखायचा, पायांनी रोखताना हँडल जोरात वर खेचायचा, आणि आधीच सैल माप असलेलं हँडल फिरायचं. म्हणजे दोन वेगळे दोष एकमेकांना पोसत होते. नुसतं हँडल बदललं असतं तर त्याचं अर्धंच दुखणं गेलं असतं.

केबल

लिव्हर जागेवर आहे, रेघेला तडा नाही, तरी दर आठवड्याला लिव्हर थोडा जास्त आत जातोय? मग केबल बसतेय. नवी केबल ताणली जाते असं सगळे म्हणतात. तार फारशी ताणली जात नाही. आउटरची, म्हणजे तारेवरच्या कडक आवरणाची, टोकं आपापल्या टोप्यांत घुसून बसत असतात. आउटर पक्कडीने कापलं की त्याचं टोक चेपतं आणि तारेचा एक वाकडा काटा आत येतो. तो काटा रोज थोडा थोडा दबतो, आणि लिव्हर रोज थोडा थोडा आत जातो. शिवाय तोच काटा आतल्या तारेला घासत राहतो. आउटर केबल कापायच्या कात्रीने कापा, टोक कानसीने सपाट करा, आतली प्लास्टिकची नळी दाभणाने गोल उघडा, मग टोपी चढवा. मी टोक डोळ्यासमोर धरून आरपार उजेड पाहतो. गोल उजेड दिसला तर ठीक, चंद्रकोर दिसली तर पुन्हा कानस.

ब्रेकसाठी ब्रेकचंच आउटर वापरा. त्यात तार गोल गुंडाळलेली असते. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या, सरळ असतात. ब्रेकच्या जोराने ते फुटू शकतं, आणि ते नेमकं तुम्ही जीव खाऊन ब्रेक दाबाल तेव्हाच फुटेल. आतल्या तारेचं डोकंही बघून घ्या: रेसरच्या लिव्हरला पेरूच्या आकाराचं, सपाट हँडलच्या लिव्हरला आडव्या पिंपासारखं. काही तारांना दोन्ही टोकांना दोन प्रकारची डोकी असतात, नको ते कापायचं. चुकीचं डोकं खाचेत अर्धवट अडकतं आणि एक दिवस सुटतं.

लांबीचीही चाचणी करा. सायकल उभी ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. वळवताना ब्रेकचे रबर हलले किंवा आउटर ताणलं गेलं तर ते आखूड आहे. फिक्सीवाल्यांनी इथे जास्त काळजी घ्यावी, कारण सिग्नलला तोल सांभाळताना पुढचं चाक बरंच तिरकं होतं, आणि भिंतीला टेकवलेल्या सायकलचं हँडल घसरून पूर्ण उलटं फिरतं. त्यात टोपीतून निसटलेलं आउटर मी अनेकदा पाहिलंय; सकाळी घाईत निघालेल्या माणसाच्या ते लक्षात येत नाही. तार बसवली की पकडीचा बोल्ट आवळा, लिव्हर पूर्ण ताकदीने दहा-बारा वेळा दाबा, पुन्हा सैल करून ताण घ्या. रबर रिमपासून दीड-दोन मिमीवर ठेवा.

हेडसेटचा चकवा

पुढचा ब्रेक दाबल्यावर “कट्” असा आवाज येतो आणि हँडल हलल्यासारखं वाटतं, पण एकाही रेघेला तडा नाही. तर दोष बहुधा हेडसेटमध्ये, म्हणजे फोर्क फ्रेममध्ये ज्या बेअरिंगवर फिरतो त्या सांध्यात, आहे. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या सांध्यावर ठेवा, सायकल पुढे-मागे हलवा. बोटांखाली हालचाल जाणवेल. बिनआट्यांच्या हेडसेटमध्ये आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले, मग वरच्या टोपीचा बोल्ट हलकेच आवळायचा, खेळ गेला की बाजूचे बोल्ट पुन्हा घट्ट. बाजूचे बोल्ट घट्ट असताना टोपी आवळून काही होत नाही. जुन्या रेसरच्या, नळीत खाली उतरणाऱ्या स्टेमला वेगळी काळजी: त्याच्या दांड्यावर कमीत कमी आत जाण्याची खूण असते. ती खूण बाहेर दिसत असेल तर सायकल चालवू नका.

भाच्यासाठी शेवटी आम्ही काय केलं? स्टेम चांगला होता, म्हणून तो ठेवला. २६ चं एक जुनं अॅल्युमिनियमचं ड्रॉप हँडल मिळालं. क्लॅम्पच्या जागी ओरखडा नाही, तडा नाही, हे भिंगातून पाहूनच घेतलं. ते उलटं करून खालचे दांडे करवतीने कापले, कडा कानसीने गोल केल्या आणि त्याचं बुलहॉर्न झालं. कार्बनच्या हँडलशी हा खेळ कधीही करू नका. शिंगाच्या टोकात बसणारा, केबल कमी ओढणारा लिव्हर घेतला, दुसऱ्या टोकाला बूच ठोकलं. उघडी नळी पडल्यावर पोटात शिरते. नवी केबल, नवं आउटर, नवे रबर. पहिल्यांदा ब्रेक दाबून त्याने मोकळ्या गल्लीत सायकल सावकाश ढकलली, मागचं चाक वर उचललं गेलं, तेव्हा तो क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. “मामा, हा ब्रेक आधीपासून असा असायला हवा होता?”

त्याला दोन पावसाळे होऊन गेले. आउटर दर ऑक्टोबरमध्ये बदलतो, कारण चार महिन्यांत पाणी आत शिरून तार गंजतेच. हँडल-स्टेमवरच्या लाल रेघेचा रंग कडेने थोडा उडालाय. तडा नाही.